कुरण-विकास (वन्यप्राण्यांसाठी)

हरणे, गवे व इतर तृणभक्षी वन्यप्राण्यांना वर्षभर चारा मिळावा म्हणून संरक्षित वनांत गवताळ जागा तयार करणे आणि राखणे. मध्य भारतातील व्याघ्र प्रकल्पांत हे काम मुख्यतः स्थलांतरित गावांच्या जुन्या शेतजमिनींवर चालते. उत्तर अमेरिकेत पांढऱ्या शेपटीच्या हरणांसाठी क्लोव्हर, चिकोरी, ओट यांची पेरणी करतात. ती बहुधा शिकारीसाठी राखलेल्या खासगी जमिनींवर असते आणि तिला नांगरट, चुना, खत असे शेतीचेच सोपस्कार लागतात. भारतात भर स्थानिक गवतांवर आहे.

मध्य भारतातील कुरणांच्या उगमाविषयी मतभेद आहेत. चर्चा प्रामुख्याने कान्हा (मध्य प्रदेश) येथील मैदानांभोवती फिरते. एका मतानुसार ही मैदाने मानवनिर्मित होत. बैगा लोकांची ‘बेवर’ ही फिरती शेती, गोंड-बैगा वस्त्यांची शिवारे, गुरांची चराई आणि दरवर्षीचे वणवे यांमुळे सालवन मागे हटले व गवत टिकले. चॅम्पियन व सेठ यांचे वनप्रकारांचे वर्गीकरण (१९६८) आणि दाबडघाव व शंकरनारायण यांचे गवतप्रकारांचे सर्वेक्षण (१९७३) या दोन्हींत गवताळ प्रदेश ही वनाकडे जाणाऱ्या वाटेवरची, चराई व आगीने रोखून धरलेली अवस्था मानली आहे. दख्खन व मध्य भारताचा मोठा भाग या सर्वेक्षणात ‘शेडा-मारवेल’ (या दोन गवतांवरून नाव दिलेल्या) प्रकारात मोडतो.

याउलट, अलीकडचे अनेक परिस्थितिवैज्ञानिक या प्रदेशातील गवताळ भाग प्राचीन सॅव्हाना (विरळ झाडांचा नैसर्गिक गवताळ प्रदेश) मानतात. उष्ण प्रदेशीय गवतांचा प्रसार शिवालिकच्या जीवाश्म-मृदांत (दगड बनलेल्या प्राचीन मातीच्या थरांत) साधारणतः ८० ते ६० लाख वर्षांपूर्वीपासून दिसतो, म्हणजे शेतीच्या कितीतरी आधी. मात्र हा पुरावा हिमालयाच्या पायथ्याचा आहे. तो जसाच्या तसा सातपुड्याला लावणे धाडसाचे ठरेल. कान्हापुरते पाहता दोन प्रकार वेगळे करणे अधिक सयुक्तिक दिसते. ‘दादर’ म्हणजे डोंगरमाथ्यावरील सपाट, उथळ मातीचे पठार (उदा. बम्हनी दादर). तेथे झाडे न वाढण्यास माती हेच पुरेसे कारण आहे. खोऱ्यांतील मैदाने मात्र बव्हंशी जुन्या गावांच्या जागी आहेत. सखल भागात हिवाळ्यात पडणाऱ्या दहिवरामुळे (गोठलेल्या दवामुळे) सालाची कोवळी रोपे मरतात, हेही तेथे वन परत न येण्याचे एक कारण असावे. हा वाद केवळ पुस्तकी नाही. कुरण नैसर्गिक असेल तर तेथे वृक्षलागवड हानिकारकच. मानवनिर्मित असेल तर माणूस हटल्यावर ते राखण्याचे कष्ट कायमचे अंगावर येतात.

बाराशिंगा हे या कामाच्या उपयुक्ततेचे प्रमुख उदाहरण. कठीण भूमीवर राहणाऱ्या त्याच्या उपजातीची कान्हातील संख्या १९३८ च्या सुमारास सुमारे ३,००० असावी असा अंदाज आहे. १९७० मध्ये ती ६६ वर आली. शिकार, कुरणांची जाळणी, गुरांशी स्पर्धा व रोग अशी कारणे दिली जातात. बाराशिंगा जवळजवळ केवळ गवतावर जगतो आणि त्याच्या पाडसांना लपण्यास उंच गवत लागते, त्यामुळे अधिवासाच्या कारणाला अधिक वजन द्यावेसे वाटते. सोंफसारखी गावे हलल्यावर तेथे उंच गवत वाढले, संरक्षित कुंपणात पैदास झाली आणि संख्या पुन्हा शेकड्यांत गेली. चितळाला मात्र आखूड, कोवळे गवत मानवते. म्हणून सबंध मैदान एकाच वेळी न कापता किंवा न जाळता ते पट्ट्यापट्ट्यांनी हाताळतात.

पडीक शिवाराचे कुरण आपोआप होत नाही. पहिल्या पावसातच तरोटा, रानतुळस, गाजरगवत उगवते आणि कडेने घाणेरी आत सरकते. तरोटा फुलण्यापूर्वी उपटावा लागतो. बी गळल्यावर उपटणे व्यर्थ. घाणेरी नुसती छाटली तर दुप्पट फुटते; म्हणून खोड व मूळ जेथे जुळतात त्याच्या किंचित खाली कुदळीने तोडून झुडूप उलटे ठेवतात. गवताचे बी पावसाळा सरल्यावर पक्व होताच गोळा करतात व पुढील पावसाच्या तोंडावर उथळ पेरतात. मारवेलीचे ठोंबही लावतात. शेडा, पवन्या, मारवेल, डोंगरी ही चाऱ्याची गवते पसंत केली जातात. कुसळी कोवळी असेतो खाल्ली जाते, फुलोऱ्यानंतर तिची कुसळे तोंडाला टोचतात. तिखाडीसारख्या सुवासिक गवताला प्राणी सहसा तोंड लावत नाहीत. पळस, तेंदू यांची रोपे दरवर्षी काढावी लागतात. आगीचा वापर मर्यादित व हिवाळ्यातच, जाळरेषा (आग पसरू नये म्हणून गवत काढून मोकळी केलेली पट्टी) आखून करणे श्रेयस्कर.

महाराष्ट्रात ताडोबातील नवेगाव व जामणी, तसेच मेळघाटातील कुंड, बोरी, कोहा येथील जुनी शिवारे आज कुरणे आहेत. त्यांवर गोंड, कोरकू कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या शेती केली. कुरणाच्या नोंदवहीत त्या वहिवाटीची नोंदही असली पाहिजे, कारण कोणते शेत भाताचे होते आणि कोणते पडीक होते यावरच तेथे कोणते गवत येईल हे बरेचसे ठरते. अवर्षणप्रवण भागातील रेहेकुरी, नान्नज येथे काळवीट व माळढोकासाठी माळ राखण्याची पद्धत वेगळी असून तेथे लागवडीपेक्षा संरक्षणावर भर असतो.

सांबर व चौसिंगा यांना पाला, फळे व झुडपांचा आडोसा अधिक लागतो, त्यामुळे त्यांना कुरणाचा लाभ कडेपुरताच होतो.