गॅस बदलला की डिटेक्टरची जागाही बदलते

मुंबई-पुण्यातील अनेक घरांत सिलिंडर जाऊन पाइपचा गॅस आला, पण ओट्याखाली लावलेला गॅस डिटेक्टर होता तिथेच राहिला, तर त्याचा फारसा उपयोग उरत नाही; कारण हे दोन वायू गळल्यावर उलट दिशांना जातात. सिलिंडरमधील एलपीजी हे प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण हवेच्या दीडपट ते दुप्पट जड असते. ते ओट्यावरून खाली उतरून फरशीवर पसरते आणि हवेत त्याचे प्रमाण जेमतेम २ टक्के झाले, तरी एका ठिणगीने भडका उडू शकतो. म्हणून एलपीजीचा डिटेक्टर जमिनीपासून वीतभर उंचीवर, शेगडी-सिलिंडरपासून १ ते ३ मीटर अंतरावर असावा; फरशी पुसताना पाणी उडेल अशा जागी किंवा कपाटाच्या बंद दाराआड तो नको. पाइपमधील वायू मुख्यतः मिथेन असून तो हवेच्या जवळजवळ निम्म्या वजनाचा असतो. तो वर चढतो, त्यामुळे त्याचा डिटेक्टर छतापासून फूटभराच्या आत, पण फोडणीची वाफ थेट लागणार नाही असा बसवावा.

कार्बन मोनॉक्साइडची गोष्ट वेगळी आणि मला अधिक धास्तावणारी वाटते. हा वायू गळत नाही, तर अपुऱ्या हवेत इंधन अर्धवट जळाल्याने तयार होतो. बंद न्हाणीघरातील गॅस गीझर हे आपल्याकडचे त्याचे ठळक उदाहरण. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पटींनी घट्ट जोडला जातो. डोके दुखते, मळमळते, गरगरते आणि माणूस ‘पित्त झाले असेल’ म्हणून तिथेच बसून राहतो. एलपीजीचा साधा डिटेक्टर हा धोका ओळखण्यासाठी बनवलेला नसतो. त्यासाठी कार्बन मोनॉक्साइडचाच स्वतंत्र अलार्म लागतो. या वायूचे वजन हवेइतकेच असल्याने तो खोलीभर मिसळतो, म्हणून अलार्म साधारण श्वासाच्या उंचीवर, झोपेत ऐकू येईल असा बेडरूमजवळ लावावा. न्हाणीघरातील वाफेने सेन्सर बिघडतो, त्यामुळे तो तिथे लावता येत नाही, आणि दाराबाहेर लावलेला अलार्म वाजेपर्यंत आतल्या माणसाला उशीर झालेला असू शकतो. तेव्हा गीझरच न्हाणीघरातून काढून मोकळ्या बाल्कनीत बसवणे हाच खरा उपाय आहे.

अलार्मवरचे ‘टेस्ट’चे बटण दाबल्यावर येणारा आवाज बहुधा फक्त बॅटरी आणि भोंगा चालू असल्याचे सांगतो. सेन्सर काही वर्षांत निकामी होतो, म्हणून यंत्राच्या पाठीवर छापलेली मुदत भिंतीवर लावण्यापूर्वीच वाचून, पुढच्या बाजूला ठळक लिहून ठेवावी.