येशूसंघीयांचे ‘मिशन’ मुंबईत कसे बदलत गेले

‘मिशन’ म्हटले की मराठी माणसाला आधी मिशनची शाळा आठवते, मग मिशनचे हॉस्पिटल आणि लगेच धर्मांतराचा वाद. येशूसंघीय, म्हणजे जेझुइट फादर, हा शब्द आज वापरतात तेव्हा त्यांच्या मनात यातले नेमके काय असते, हे कळायला थोडे मागे जावे लागते.

20 मे 1521 रोजी पाम्प्लोनाच्या लढाईत इग्नेशियस लोयोला या बास्क शिपाईगड्याच्या पायावर तोफगोळा आदळला. वाड्यात पडून असताना वाचायला मिळाले ते येशूचे चरित्र आणि संतांच्या कथा. तेव्हा त्याच्या एक गोष्ट ध्यानात आली. पराक्रमाची आणि दरबारी प्रेमाची स्वप्ने रंगवताना मजा येई, पण मागाहून मन कोरडे पडे. संतांसारखे जगावे असे मनात आले की समाधान टिकून राही. मनाच्या या भरती-ओहोटीवरून देवाची इच्छा ओळखायची, ही त्याच्या आध्यात्मिक साधनेची किल्ली. मराठीत तिला ‘विवेक’ म्हणता येते, पण हा आपल्या ओळखीचा नित्यानित्य विवेक नव्हे. इथे बरेचदा दोन चांगल्या वाटांतली आपली कोणती, हा पेच असतो.

इग्नेशियसने सोबत्यांसह काढलेल्या येशूसंघाला 1540 मध्ये पोपची मान्यता मिळाली आणि दोन वर्षांच्या आत त्या सोबत्यांपैकी फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरले. वांद्र्याचे सेंट अँड्र्यूज चर्च 1575 चे, येशूसंघीयांनीच उभारलेले. थॉमस स्टीफन्स या इंग्रज फादरांनी ओवीबद्ध मराठीत रचलेले ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये छापले गेले. हे सारे पोर्तुगीज सत्तेच्या सावलीत वाढले, हे लपवण्यात अर्थ नाही. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. 1759 मध्ये खुद्द पोर्तुगालनेच येशूसंघीयांना हद्दपार केले, आणि 1773 मध्ये तर पोपनेच संघ बरखास्त केला. तो पुन्हा उभा राहिला 1814 मध्ये.

मुंबईत जर्मन येशूसंघीय आले ते 1850 च्या दशकात. माझगावची सेंट मेरीज शाळा 1864 ची, सेंट झेवियर्स कॉलेज 1869 चे. ‘सर्व गोष्टींत देव शोधावा’ हे इग्नेशियन सूत्र इथे कसे उतरले पाहा: फादर ब्लॅटर झाडापाल्याचे नमुने गोळा करत राहिले आणि फादर हेरास यांनी 1926 मध्ये इतिहास संशोधनाची संस्था काढली. मधल्या काळात पहिले महायुद्ध होऊन गेले होते. जर्मन फादर शत्रुराष्ट्राचे ठरले आणि त्यांची जागा स्पॅनिश फादरांनी घेतली.

खरा सांधा बदलला तो 1970 च्या दशकात. संघाचे प्रमुख पेद्रो आरुपे (तेही बास्कच, हिरोशिमावर बाँब पडला तेव्हा तिथे जखमींची शुश्रूषा केलेले) 1973 मध्ये स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात माजी विद्यार्थ्यांसमोर उभे राहिले. आम्ही तुम्हाला न्यायासाठी घडवले का, असे विचारून ‘नाही’ हे उत्तरही त्यांनी स्वतःच दिले. समोर बसलेल्यांत अनेकांना ते झोंबले. 1975 मध्ये संघाच्या महासभेने ठरवूनच टाकले: श्रद्धेची सेवा करायची तर न्यायासाठी झटणे ओघानेच आले. नामांकित शाळा-कॉलेजे चालवणाऱ्या मुंबईकर फादरांसाठी हे अवघड दुखणे होते, आणि माझ्या मते ते अजून पुरते बरे झालेले नाही. 2019 मध्ये संघाने पुढच्या दहा वर्षांसाठी चार दिशा ठरवल्या: साधना व विवेकाची वाट दाखवणे, वगळलेल्यांसोबत चालणे, तरुणांना साथ देणे आणि पृथ्वीची काळजी घेणे.

तोफगोळ्याच्या घटनेला 500 वर्षे झाली म्हणून 20 मे 2021 ला जगभर इग्नेशियन वर्ष सुरू झाले. झारखंडच्या आदिवासींमध्ये काम केलेले येशूसंघीय फादर स्टॅन स्वामी तेव्हा एल्गार परिषद प्रकरणात तळोजा तुरुंगात होते. आरोप त्यांनी नाकारले होते, खटला सुरूही झाला नव्हता. 5 जुलैला मुंबई उच्च न्यायालयात त्यांच्या जामिनाची सुनावणी असताना वांद्र्याच्या होली फॅमिली हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी न्यायालयाला सांगितले, की ते गेले. वय 84. इग्नेशियन वर्षाला तेव्हा जेमतेम दीड महिना झाला होता.