घरातली बेगमी: आपत्तीसाठी शिधा आणि रोकड ठेवण्याच्या सल्ल्यामागचा इतिहास

बांगलादेशात करतोया नदीकाठी महास्थानगड आहे. हेच प्राचीन पुंड्रनगर. तिथे १९३१ मध्ये चुनखडीच्या एका तुकड्यावर ब्राह्मी लिपीतला लेख सापडला. अक्षरांच्या वळणावरून तो इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या आसपासचा मानला जातो. तुकडा फुटका असल्याने काही शब्दांच्या वाचनावर अभ्यासकांचे एकमत नाही. पण मुख्य हुकूम कळतो: संकटात सापडलेल्यांना धान द्यावे, नाणीही द्यावीत, आणि सुबत्तेचे दिवस आले की कोठार आणि खजिना पुन्हा भरून ठेवावा. धान्याइतकाच रोख पैसाही अडीअडचणीला लागतो, हे त्या हुकूम काढणाऱ्याला ठाऊक होते. मला हा लेख फार जवळचा वाटतो, कारण आजचा सारा सल्ला त्या मोजक्या ओळींत आहे.

फरक इतकाच की ती जबाबदारी नगराची होती. घराला वेगळे सांगण्याची गरज कुणाला वाटत नव्हती, कारण एका पिकापासून पुढच्या पिकापर्यंत पुरेल एवढे धान्य साठवणे हीच संसाराची रीत होती. घरात पाण्याचे रांजण असत, सरपण असे, दिव्याला तेल असे. पैसा असला तर तोही घरातच असे. ‘आपत्तीसाठी घरात काय ठेवावे’ अशी यादी त्या काळी कुणी केली नाही. अशा यादीत एखादी वस्तू येते, ती बहुधा घरातून निघून गेल्यावर.

याचा चांगला दाखला अमेरिकेत मिळतो. अणुयुद्धाच्या भीतीने १९५०च्या दशकात तिथल्या नागरी संरक्षण प्रशासनाने ‘आजीचे कोठार’ नावाची मोहीम काढली. आजीच्या घरात अचानक पाहुणे आले, बर्फाने रस्ते बंद झाले तरी काही अडत नसे. तुमच्या फडताळात सात दिवसांचे अन्नपाणी आहे का, असा या मोहिमेचा प्रश्न होता. तोवर घरोघर फ्रीज आले होते, कोपऱ्यावर दुकान होते आणि आठवड्याला सामान आणायची सवय लागली होती. आजीचे कोठार दोन पिढ्यांत मोडले, म्हणून सरकारला त्याची आठवण करून द्यावी लागली. त्यासाठी निमित्त अणुबाँबचे असले, तरी डबाबंद अन्न, पाणी, टॉर्च, बॅटरीवरचा रेडिओ, प्रथमोपचाराची पेटी हे सामान पुढे भूकंप आणि वादळांसाठी तसेच वापरले जाऊ लागले.

घरात किती काळाची बेगमी हवी, याचा आज सगळ्यात जास्त कानावर पडणारा आकडा ७२ तासांचा. पोटाला किती लागते त्यापेक्षा बाहेरून मदत पोहोचायला किती वेळ लागेल, याचा तो अंदाज आहे. तो कधी कधी फसतो. २४ ऑगस्ट १९९२ रोजी अँड्र्यू चक्रीवादळ दक्षिण फ्लोरिडावर आदळले. तीन दिवस उलटले तरी पुरेशी मदत आली नाही, तेव्हा तिथल्या आपत्ती व्यवस्थापन प्रमुख केट हेल यांनी पत्रकारांसमोरच संतापून विचारले की कुमक आहे तरी कुठे. म्हणूनच जिथे धोका मोठा तिथे मुदतही लांबते. मोठ्या भूकंपाचा धोका असलेल्या, समुद्राखालच्या कॅस्केडिया प्रस्तरभंगाजवळच्या अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात लोकांना दोन आठवड्यांची तयारी ठेवायला सांगतात. जर्मनीने २०१६ मध्ये १० दिवसांचे अन्न आणि ५ दिवसांचे पाणी सांगितले. युरोपीय संघाने मार्च २०२५ मध्ये किमान ७२ तासांचा मुद्दा धरला. पिणे आणि थोडीफार स्वच्छता धरून माणशी दिवसाला ३ ते ४ लिटर पाणी हे प्रमाण बहुतेक ठिकाणी सारखेच आढळते.

रोकड या यादीत फार उशिरा ठळक झाली. तिची निकड मात्र जुनी आहे. १९०६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत भूकंपानंतर शहरभर आग लागली, आणि बँकांच्या तिजोऱ्या इतक्या तापल्या की उघडताच आतल्या नोटा पेट घेतील या भीतीने त्या निवेपर्यंत कित्येक दिवस थांबावे लागले. शहरात पैसा होता, पण हाताला लागत नव्हता. ए. पी. जियानिनी या बँकरने आपली रोकड आधीच भाजीपाल्याच्या गाडीतून, संत्र्यांच्या पेट्यांखाली लपवून बाहेर काढली होती. त्यामुळे काही दिवसांतच बंदराच्या धक्क्यावर फळी टाकून त्यांना कर्जवाटप सुरू करता आले.

तरीही पुढची कित्येक वर्षे ‘घरात पैसे ठेवा’ हे मुद्दाम सांगावे लागले नाही, कारण पगार, किराणा, भाडे सगळे रोखीतच चालत होते. पहिले एटीएम २७ जून १९६७ रोजी लंडनजवळ एनफिल्डमध्ये सुरू झाले, आणि पैसा घरात ठेवण्याऐवजी लागेल तेव्हा काढण्याची सवय तिथून जडत गेली. सुरुवातीच्या क्रेडिट कार्डांवरचे अंक उठावदार असत. कार्बनच्या पावतीवर त्यांचा ठसा घेतला की व्यवहार व्हायचा, वीज नसली तरी. आता कार्ड किंवा मोबाइलवरून पैसे द्यायचे तर दुकानातली वीज, मोबाइलचा मनोरा, मधले जाळे आणि बँकेचा सर्व्हर हे सगळे एकाच वेळी चालू असावे लागते. मनोऱ्याची बॅटरी बहुधा काही तासांत संपते.

२० सप्टेंबर २०१७ रोजी मारिया वादळाने अमेरिकेच्या अखत्यारीतल्या पोर्तो रिको बेटाची सगळी वीज घालवली. मोजक्या चालू एटीएमपुढे लोक तासन्‌तास उभे होते, आणि न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेला विमानाने नोटा पाठवाव्या लागल्या. १६६१ मध्ये युरोपातली पहिली बँकनोट काढणारा स्वीडन आज जवळपास रोखीशिवाय चालतो. त्याच देशाने २०१८ मध्ये सुमारे ४८ लाख घरांत पाठवलेल्या पुस्तिकेत लहान किमतीच्या नोटा जवळ ठेवायला सांगितले. लहान यासाठी की अशा वेळी सुटे कुणाकडेच नसतात. २८ एप्रिल २०२५ रोजी भर दुपारी स्पेन-पोर्तुगालची वीज गेली, कार्डे चालेनात, आणि खिशात थोडे पैसे असलेल्यांनाच पाणी-पाव विकत घेता आले. पुढच्याच महिन्यात नेदरलँड्सच्या मध्यवर्ती बँकेने नेमकी रक्कम सांगितली: प्रौढामागे ७० युरो, मुलामागे ३०. अन्न, पाणी, औषधे आणि प्रवास, एवढे तीन दिवस भागावे हा तिचा हिशेब.

हा हिशेब सगळ्यांना जमत नाही, हे मात्र अशा पुस्तिकांत क्वचितच येते. कॅटरिना वादळ २९ ऑगस्ट २००५ रोजी आले, म्हणजे महिनाअखेर. पहिल्या तारखेच्या धनादेशावर जगणाऱ्या न्यू ऑर्लिन्समधल्या अनेक गरिबांकडे शहर सोडण्यापुरतेही पैसे उरले नव्हते. त्यांना घरी रोकड ठेवा म्हणणे मला अन्यायाचे वाटते. तिथे नगराच्याच कोठाराला पुढे यावे लागते.

आणि घरातली रोकडही सुरक्षित नसते. मार्च २०११च्या त्सुनामीनंतर जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर हजारो तिजोऱ्या वाहून आलेल्या सापडल्या. लोकांनी त्या न फोडता पोलिसांकडे पोहोचवल्या, आणि आतली बहुतेक रक्कम मालकांना परत मिळाली. मालक शोधता आले ते आत पैशांबरोबर ठेवलेल्या पासबुकांवरून आणि कागदपत्रांवरून.