ठळक ओळ म्हणजे शीर्षक नव्हे : संकेतस्थळावर स्वतः मजकूर भरणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

संकेतस्थळ तुमच्या ताब्यात दिल्यानंतर महिन्याभरात जवळजवळ प्रत्येक ग्राहक आम्हाला विचारतो, की मजकूर भरायच्या पडद्यावर अक्षरांचा आकार बदलण्याची सोय का दिसत नाही. ती सोय आम्ही विचारपूर्वक बंद ठेवली आहे. ती चालू असली की शीर्षकाची ओळ निवडायची, ठळक करायची, आकार वाढवायचा आणि पुढे जायचे, अशी सवय लागते. अशी ओळ डोळ्यांना शीर्षक दिसते. पण संगणकाच्या लेखी ती साधा परिच्छेदच राहते.

याचा परिणाम आम्ही शेजारी बसून पाहिला आहे. आमच्या एका ग्राहक पतसंस्थेचे अंध सभासद कार्यालयात आले होते. ते एनव्हीडीए हे पडदा वाचून दाखवणारे मोफत सॉफ्टवेअर वापरतात. त्यात एच हे अक्षर दाबले की वाचन थेट पुढच्या शीर्षकावर जाते. त्यांना ज्येष्ठ नागरिकांच्या ठेवींचा व्याजदर हवा होता. पानावर अकरा ठळक ओळी होत्या. त्यांनी एच दाबले, तेव्हा पुढे शीर्षक नसल्याचे उत्तर आले. मग खालच्या बाणाने एकेक ओळ ऐकत, संस्थेचा इतिहास आणि संचालकांची यादी ओलांडत ते नवव्या विभागापर्यंत पोहोचले. आम्ही त्यांच्यासमोरच त्या अकरा ओळी खरी शीर्षके म्हणून नोंदवल्या. त्यानंतर त्यांनी एच नऊ वेळा दाबले आणि दर ऐकला. पान दिसायला जवळपास पूर्वीसारखेच राहिले होते.

शीर्षक कसे द्यावे

वर्डप्रेसमध्ये ओळीवर क्लिक केल्यावर वर जी पट्टी येते, तिच्या डाव्या टोकाच्या चिन्हावर दाबून 'परिच्छेद'ऐवजी 'शीर्षक' निवडावे. नव्या ओळीच्या सुरुवातीला दोन हॅश चिन्हे देऊन स्पेस दाबली, तरी दुसऱ्या पातळीचे शीर्षक तयार होते. मजकूर वर्डमधून आणत असाल, तर तेथेच हेडिंग शैली वापरावी. चिकटवताना ती सहसा टिकून राहते.

पानाच्या नावाला पहिली पातळी आपोआप मिळते, म्हणून मुख्य विभागांना दुसरी आणि त्यांच्या पोटविभागांना तिसरी पातळी द्यावी. अक्षर लहान दिसावे एवढ्यासाठी एकदम चौथी पातळी निवडू नये. शीर्षक फार मोठे वाटत असेल तर आम्हाला कळवा. त्याचे रूप आम्ही एके ठिकाणी बदलले की सर्व पानांवर बदलते आणि त्याचे वेगळे शुल्क आम्ही घेत नाही.

दरपत्रकाच्या तक्त्यातही हेच तत्त्व आहे. पहिली ओळ नुसती ठळक न करता उजवीकडच्या रकान्यातील शीर्ष विभागाची सोय चालू करावी. तशी केली, तर तक्त्यात फिरताना आकड्याबरोबर तो कोणत्या स्तंभाचा आहे हेही ऐकू येते. एरवी नुसताच आकडा ऐकू येतो. सभेच्या सूचनेचे छायाचित्र टाकण्याऐवजी सूचना युनिकोडमध्ये टंकित करावी. जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमधील मजकूर तसाच चिकटवला, तर सॉफ्टवेअर निरर्थक अक्षरे वाचते.

दुरुस्तीचे शुल्क का

ठळक ओळी शीर्षकांत बदलणारे एखादे सॉफ्टवेअर वापरावे, असे काही ग्राहक सुचवतात. पण ओळ ठळक आहे ती शीर्षक म्हणून, की 'अंतिम मुदत पाळावी' असे बजावण्यासाठी, हे खात्रीने ठरवायला मजकूर वाचावाच लागतो, आणि कोणता विभाग कोणाच्या पोटात येतो हेही समजून घ्यावे लागते. चाळीस ओळींच्या पानाला आमच्या माणसाचा अर्धा दिवस जातो. म्हणूनच हे काम वार्षिक देखभाल करारात धरलेले नाही आणि त्याचे शुल्क वेगळे आहे. तेच काम लिहितानाच केले, तर प्रत्येक शीर्षकाला तुमचे दोन-तीन सेकंद लागतात.

हा आमचा हट्ट आहे असे कृपया समजू नये. जे नाते डोळ्यांना दिसते ते यंत्रालाही वाचता आले पाहिजे, ही अट वेब सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांच्या डिसेंबर २००८ च्या आवृत्तीत अगदी प्राथमिक स्तरावर आहे. आपल्याकडे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ लागू आहे, आणि एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आहे. तुमच्या सभासदांना आणि पालकांना हा हक्क तुमच्या पानावर बजावता यावा, अशी आमची मनापासून इच्छा आहे.

आमच्या बाजूने मेनू, मुख्य मजकूर, बटणे आणि अर्जातील रकाने योग्य खुणांनीच बांधलेले असतात. पानाची भाषा मराठी असल्याची नोंदही आम्ही करतो, म्हणजे वाचकाकडे मराठी आवाज असेल तर सॉफ्टवेअरला तो निवडता येतो. संकेतस्थळ दुसरीकडून करून घेतले असेल, तर या गोष्टी तेथे आहेत का, हे आम्ही तपासून देऊ.

मजकूर भरणारी व्यक्ती बदलली की आम्हाला जरूर कळवावे. नव्या व्यक्तीसाठी एक तासाचे प्रशिक्षण करारातच समाविष्ट आहे, आणि त्या तासात तुमचेच एक जुने पान दुरुस्त करून घेतले जाते. त्यासाठी सर्वाधिक पाहिले जाणारे पान निवडून ठेवावे.