‘सगळं समाविष्ट’, पण स्कूबा?

कॅरिबियनमधलं ऑल-इन्क्लुझिव्ह (म्हणजे राहणं, खाणं-पिणं सगळं एकाच दरात) रिसॉर्ट घेतलं की स्कूबा डायव्हिंगही त्यातच आलं, हा समज बरीच वर्षं फिरतोय. कानकुन, पुंता काना, कोझुमेलच्या बहुतेक रिसॉर्टांत फुकट मिळतं ते स्नॉर्केलिंग, कायाक आणि स्विमिंग पूलमधली स्कूबाची चुणूक. (ती गिऱ्हाईक जाळ्यात ओढायलाच असते म्हणा.) समुद्रातल्या डाइव्हचे पैसे डाइव्ह सेंटर वेगळे घेतं; कोझुमेलला सागरी उद्यानाचं शुल्क आणखी वर. सँडल्स या रिसॉर्ट-साखळीसारखे अपवाद आहेत, पण तिथेही फुकट डाइव्हची सोय डायव्हिंगचं प्रमाणपत्र असलेल्यांनाच. कोर्सचे पैसे पडतातच.

आणि हो, परतीच्या दिवशी डाइव्ह नको. शरीरात साठलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो, आणि त्याआधी विमानात बसणं धोक्याचं. एका डाइव्हनंतर विमानात बसण्याआधी किमान १२ तास, अनेक डाइव्हनंतर किमान १८ तास जाऊ द्यावेत.