झुलूंच्या दारात पाहुणा म्हणून जाताना

नगरच्या जुन्या ख्रिस्ती घरांत ‘अमेरिकन मराठी मिशन’ हे नाव अजून घरचं म्हणून घेतलं जातं. १८१३ साली गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट मुंबईत उतरले, १८३१ साली अहमदनगरला काम सुरू झालं, १८४२ साली तिथून ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघालं. या सगळ्यामागे होतं परदेशी मिशनरी पाठवणारं बोस्टनचं अमेरिकन बोर्ड. त्याच बोर्डाने डिसेंबर १८३४ मध्ये सहा जोडपी जहाजात बसवून दक्षिण आफ्रिकेला पाठवली, आणि तिथल्या झुलू लोकांमध्ये अमेरिकन झुलू मिशन उभं राहिलं. म्हणजे आपल्याकडचं मिशन थोरलं आणि झुलूंमधलं धाकटं, एकाच घरातून निघालेली दोन भावंडं. झुलूंच्या त्या प्रदेशाचं नावही आपल्याला परकं नाही. १४९७ च्या ख्रिसमसच्या सुमारास वास्को द गामाची जहाजं त्या किनाऱ्यालगत होती, म्हणून पोर्तुगिजांनी त्याला ‘नाताल’ म्हटलं. आपण सणाला ‘नाताळ’ म्हणतो तो शब्दही पोर्तुगिजांकडूनच आलेला.

आज डर्बनला उतरून झुलूंच्या क्वाझुलू-नाताळ प्रांतातल्या वस्त्यांत दहा-पंधरा दिवस सेवा करायला गट जातात. मुलांसाठी सुट्टीतली बायबल शाळा घेतात, एखाद्या बालवाडीला रंग देतात, आजारी माणसांच्या घरी जाऊन प्रार्थना करतात. जाणाऱ्यांचं मन बहुतेक वेळा खरंच सेवेचं असतं. पण आपण कुठे पाऊल ठेवतोय हे त्यांना क्वचित सांगितलं जातं. ते कुणीतरी सांगावं असं मला फार वर्षं वाटत आलं आहे.

त्या सहा जोडप्यांपैकी तीन आतल्या भागात एन्देबेले लोकांच्या उम्झिलिकाझी राजाकडे गेली. डॉक्टर न्यूटन अ‍ॅडम्स, आल्डिन ग्राउट आणि जॉर्ज चॅम्पियन यांच्या वाट्याला झुलूंचा राजा डिंगाने आला. त्याची परवानगी मिळाल्याशिवाय झुलू राज्यात शाळा काढता येत नव्हती, उपदेशही करता येत नव्हता. १८३६ मध्ये काम सुरू झालं आणि १८३८ मध्ये विस्कटलं. बोअर, म्हणजे डच वंशाचे, वसाहतकरी आणि डिंगाने यांच्यात युद्ध पेटलं, मिशनऱ्यांना पळावं लागलं. युद्ध शमल्यावर अ‍ॅडम्स परतले आणि पुढे अमान्झिम्तोतीजवळ स्थिरावले, ग्राउट उम्वोती नदीकाठी. त्या गावाला आजही ग्राउटविल म्हणतात.

पहिला बाप्तिस्मा झाला १८४६ साली, म्हणजे अमेरिकन आल्यावर अकरा वर्षांनी. तो घेतला म्बुलासी माखान्या नावाच्या एका बाईंनी. नॉर्वेच्या मिशनचे हान्स श्रॉयडर १८४४ ला आले आणि त्यांना पहिल्या बाप्तिस्म्यासाठी १८५८ पर्यंत थांबावं लागलं. याला झुलूंचा हट्ट म्हणणं चूक आहे. झुलू राज्यात तरुण मुलगा वयाप्रमाणे राजाच्या पलटणीत जायचा. त्याचे हातपाय, त्याचं लग्न कधी व्हायचं, हे सगळं राजाच्या अखत्यारीत असे. ‘मी विश्वासी झालो’ म्हणणारा मुलगा राजाच्या सेवेतून निघून जात होता. राजाच्या दृष्टीने प्रश्न देवाचा नव्हताच, माणसं कुणाची हा होता. १८७७ साली मकामुसेला खन्यीले हा बाप्तिस्म्याची तयारी करणारा झुलू माणूस मारला गेला, तो याच ताणातून.

सुरुवातीला मिशनकडे आले ते बहुतेक आधार तुटलेले लोक. लढायांत विखुरलेली कुटुंबं होती, नको असलेल्या लग्नातून पळालेल्या मुली होत्या. मिशनच्या जमिनीवर ते राहिले, गोल झोपड्यांऐवजी चौकोनी घरं बांधली, शिवलेले कपडे घातले, लिहायला शिकले. त्यांना ‘अमाखोल्वा’ म्हणू लागले, म्हणजे विश्वासणारे. आपल्या मिशन कंपाउंडांच्या आठवणी ज्यांच्या घरात आहेत त्यांना हे चित्र समजायला वेळ लागणार नाही. नवं जग मिळालं, आणि भाऊबंद परके झाले.

भांडण सर्वांत जास्त झालं ते ‘लोबोला’वरून. मुलाकडच्यांनी मुलीकडच्यांना गुरं द्यायची, असा हा रिवाज. आपल्या जुन्या शब्दात सांगायचं तर देज. मिशनऱ्यांना तो बायकांचा बाजार वाटला. झुलूंच्या लेखी तो दोन घराण्यांमधला करार होता, सुनेची किंमत नव्हे तर तिची पत. १८७९ मध्ये अमेरिकन मिशनने नियमच केले: एकाहून अधिक बायका, लोबोला, बिअर, गांजा, सगळं बंद. लोबोला तरीही गेला नाही. आज चर्चमध्ये लग्न करणारी झुलू कुटुंबंही आधी लोबोल्याच्या बोलणीला बसतात. मिशनऱ्यांनी तिथे आधी ऐकून घ्यायला हवं होतं, असं मला वाटतं.

ऐकून घेणारा एक माणूस मात्र होता. जॉन विल्यम कोलेन्सो १८५३ साली नाताळचे अँग्लिकन बिशप झाले. झुलू भाषेत बायबल उतरवताना त्यांच्याबरोबर विल्यम न्गिदी काम करत असे. नोहाच्या जलप्रलयाची गोष्ट आली तेव्हा त्याने विचारलं की हे सगळं खरंच असं घडलं का. बिशप अडखळले. न्गिदीला खोटं सांगायचं नाही म्हणून ते पंचग्रंथाच्या, म्हणजे बायबलमधल्या पहिल्या पाच पुस्तकांच्या, अभ्यासात शिरले आणि १८६२ पासून त्यावर पुस्तकं लिहू लागले. इंग्लंडमध्ये गदारोळ झाला, १८६३ साली केपटाउनमध्ये त्यांच्यावर पाखंडाचा खटला चालला. पण झुलू लोक त्यांना ‘सोबान्टू’ म्हणत, लोकांचा बाप. १८७३ साली ह्लुबी लोकांचा प्रमुख लांगालिबालेले याच्यावर सरकारने अन्याय केला तेव्हा गोऱ्या वसाहतीत त्याच्या बाजूने ठामपणे उभे राहिले ते कोलेन्सोच. त्यांचं धर्मशास्त्र पटो न पटो, शिष्याच्या प्रश्नापुढे स्वतःची खुर्ची पणाला लावणारा गुरू मला तरी विसरता येत नाही.

याच्या उलटही घडलं, आणि ते लपवून चालणार नाही. १८७० च्या दशकात काही मिशनऱ्यांना झुलू राज्य ब्रिटिशांच्या ताब्यात जावं असं वाटू लागलं होतं, आणि क्वामाग्वाझा ठाण्याचे मिशनरी रॉबर्ट रॉबर्टसन तर नाव न देता वर्तमानपत्रांत राजाविरुद्ध लिहीत होते. जानेवारी १८७९ मध्ये ब्रिटिश फौज झुलूंवर चालून गेली. २२ जानेवारीला इसांड्ल्वानाला तिचा मोठा पराभव झाला आणि त्याच दिवशी लढाई रोर्क्स ड्रिफ्टला पोचली. ते ठिकाण म्हणजे स्वीडिश मिशनचं ठाणं. मिशनऱ्याच्या घराचं लष्करी इस्पितळ झालं होतं आणि प्रार्थनामंदिराचं कोठार. बाहेरून आलेल्या ख्रिस्ती गटाकडे एखादी झुलू आजी सावधपणे पाहत असेल, तर त्यामागे ही आठवण आहे.

शुभवर्तमान तिथे रुजलं ते शेवटी झुलू तोंडांतून. १८७० साली पहिले झुलू पाळक, म्हणजे धर्मगुरू, दीक्षित झाले, त्यांत इनांडाचे जेम्स दुबे होते. १८८३ साली संपूर्ण झुलू बायबल छापलं गेलं. देवासाठी शब्द कोणता घ्यायचा यावर बरीच वर्षं वाद चालला होता. शेवटी रूढ झाला ‘उन्कुलुन्कुलु’, जो मुळात वेळूतून प्रकटलेल्या आद्य पुरुषासाठी झुलू वापरत. मिशनरी हेन्री कॅलवे यांनी म्पेंगुला म्बांडा आणि इतर झुलूंच्या तोंडून या समजुती शब्दशः उतरवून ठेवल्या, त्या आजही वाचण्यासारख्या आहेत.

इनांडा हे गाव तर विलक्षणच. तिथे १८६९ साली मुलींसाठी इनांडा सेमिनरी सुरू झाली आणि मेरी एडवर्ड्स पहिल्या मुख्याध्यापिका झाल्या. विधवा होत्या, बोस्टनच्या महिला मंडळाने पाठवलेल्या पहिल्याच. १९२७ साली वारल्या त्या तिथेच, वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षाच्या आसपास. जेम्स दुबेंचा मुलगा जॉन अमेरिकेत शिकून आला, त्याने १९०० च्या सुमारास गावाजवळ ओह्लांगे ही शाळा काढली, १९०३ साली ‘इलांगा’ हे झुलू वर्तमानपत्र काढलं, आणि १९१२ साली पुढे आफ्रिकन नॅशनल काँग्रेस म्हणून ओळखल्या गेलेल्या संघटनेचा तो पहिला अध्यक्ष झाला. १९०४ साली गांधीजींनी फिनिक्स आश्रम वसवला तो इथून जवळच. १९१० च्या सुमारास इसाया शेम्बे यांनी त्याच परिसरात आपलं नाझरेथ मंडळ उभारलं, ज्यात पांढरी वस्त्रं, नृत्य आणि झुलू भक्तिगीतं आहेत. आणि २७ एप्रिल १९९४ ला नेल्सन मंडेलांनी आयुष्यातलं पहिलं मत टाकलं ते ओह्लांगेच्या शाळेत.

मधली वर्षं काळी होती. १९५३ च्या बांटू शिक्षण कायद्याने मिशन शाळांच्या नाड्या वर्णद्वेषी सरकारने आवळल्या. १८५३ पासून चाललेलं अ‍ॅडम्स कॉलेज १९५६ च्या अखेरीस मिशनच्या हातून गेलं. इनांडा सेमिनरी मात्र तगून राहिली. पुढे १९७० च्या दशकात मिशनची बहुतेक इस्पितळंही सरकारजमा झाली.

अल्पकालीन सेवादौऱ्यांची लाट याच काळात उठली. जेट विमानांमुळे प्रवास सोपा झाला, १९६० साली ‘यूथ विथ अ मिशन’सारखी संस्था निघाली, आणि तरुणांना काही आठवडे परदेशी सेवेला पाठवायची पद्धत रूढ झाली. झुलू भागात ही लाट जोरात आली ती १९९४ नंतर, नेमकी एड्सने थैमान घातलं त्या काळात. २००५ च्या आसपास या प्रांतात सरकारी दवाखान्यांत तपासलेल्या गर्भवती स्त्रियांत तिघींपैकी एकीहून अधिक जणींना एचआयव्हीची लागण होती. टुगेला फेरीचं जुनं स्कॉटिश मिशन इस्पितळ २००६ साली जगभर गाजलं ते औषधांना न जुमानणाऱ्या क्षयामुळे. अशा क्षयाच्या तिथल्या ५३ रुग्णांपैकी ५२ दगावले. आईबाप गेलेली मुलं आजीच्या, म्हणजे ‘गोगो’च्या, पदराआड आली. अनाथ मुलं आणि दमलेल्या आज्या हेच मग बाहेरच्या गटांच्या सेवेचं मुख्य क्षेत्र झालं.

इथेच मला बोलल्याशिवाय राहवत नाही. दोन आठवडे कडेवर घेतलेलं मूल विमान सुटल्यावर कुणाकडे पाहतं? ज्यांची आई आधीच गेली आहे, त्यांच्यासाठी दर सुट्टीत नवा जिव्हाळा येऊन नाहीसा होणं ही लहान गोष्ट नाही. आजाऱ्यांना वर्षभर पाणी, औषध, शब्द देणाऱ्या बाया वस्तीतल्याच असतात. झुलू मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, गुरुवार हा बायकांच्या प्रार्थनेचा दिवस. अमेरिकन मिशनच्या मंडळ्यांत ‘इसिलिलो’, म्हणजे विलाप, नावाचं महिला मंडळ १९१२ पासून आहे. गटाने आपला कार्यक्रम ठरवण्याआधी त्या बायकांना विचारावं, त्या म्हणतील ते काम करावं, मुलांचा हात त्यांच्या हातात राहू द्यावा. पाळकाला तिथे ‘उम्फुंदिसी’ म्हणतात, मूळ अर्थ शिकवणारा. वडीलधाऱ्या पुरुषाला ‘बाबा’ म्हणतात, आपल्यासारखंच. दिलेली वस्तू दोन्ही हातांनी घ्यायची. एवढं तरी विमानात बसण्याआधी शिकता येतं.

ग्राउटविलचे प्रमुख अल्बर्ट लुथुली अ‍ॅडम्स कॉलेजात शिकले आणि तिथेच शिकवत राहिले होते. १९५२ साली आफ्रिकन नॅशनल काँग्रेस सोडायला नकार दिला म्हणून सरकारने त्यांचं प्रमुखपद काढून घेतलं. तेव्हा त्यांनी काढलेल्या निवेदनाचं शीर्षकच होतं, स्वातंत्र्याचा मार्ग क्रुसावरून जातो. १९६० चं नोबेल शांतता पारितोषिक त्यांना मिळालं. त्याआधी बऱ्याच वर्षांपूर्वी, डिसेंबर १९३८ मध्ये, मद्रासजवळच्या तांबरमला जगभरच्या मंडळ्यांची मिशन परिषद भरली होती. लुथुली तिला प्रतिनिधी म्हणून आले होते, समुद्र ओलांडून, आपल्या देशात पाहुणे म्हणून.