निकेलच्या कणावर तेलाचे काय होते

उत्प्रेरक अभिक्रियेचा वेग बदलतो पण स्वतः बदलत नाही, ही शाळेतली व्याख्या पाठ केल्यामुळे उत्प्रेरक म्हणजे नुसता हजर राहणारा पदार्थ, असा समज अनेकांच्या मनात पक्का बसतो. प्रत्यक्षात तो अभिक्रियेत पुरेपूर भाग घेतो आणि शेवटी मूळ रूपात परत येतो, एवढेच. वनस्पती तुपातील ट्रान्स मेद (ज्याच्या रेणूची ठेवण मूळ तेलातील ठेवणीपेक्षा वेगळी असते) हा या सहभागाचाच ठसा आहे.

फ्रान्समधील तुलूझ येथे रसायनशास्त्रज्ञ पॉल साबातिए यांनी निकेलच्या बारीक भुकटीवर इथिलीन आणि हायड्रोजन यांचा संयोग घडवला. या कामासाठी त्यांना १९१२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. जर्मनीत विल्हेल्म नॉर्मन यांनी हीच पद्धत द्रवरूप तेलाला लावली आणि तेल घट्ट झाले. हायड्रोजन जोडण्याच्या या क्रियेला हायड्रोजनीकरण म्हणतात, आणि वनस्पती तूप याच क्रियेने बनते.

हायड्रोजनच्या रेणूतील बंध तोडण्यास मोलमागे सुमारे ४३६ किलोज्यूल ऊर्जा लागते, म्हणून नुसते तेल आणि हायड्रोजन एकत्र तापवून फारसे काही घडत नाही. निकेलच्या स्फटिकाच्या आतील प्रत्येक अणूला १२ शेजारी असतात, पण पृष्ठभागावरील अणूला ते कमी मिळतात आणि कडेकोपऱ्यांवर तर आणखी कमी. बंध जोडण्याची ही शिल्लक क्षमता हायड्रोजनच्या रेणूला धरते, त्याचे दोन अणू वेगळे करते आणि ते धातूवर विसावतात. तेलाच्या रेणूतील दुहेरी बंधही तिथेच येऊन चिकटतो.

यापुढचा टप्पा मला सर्वांत सुंदर वाटतो. होरिउती आणि पोलान्यी या रसायनशास्त्रज्ञांनी १९३४ मध्ये मांडल्याप्रमाणे हायड्रोजनचे दोन अणू एकदम जोडले जात नाहीत, एकामागून एक जोडले जातात. पहिला जोडला गेला की दुहेरी बंधाच्या जागी एकेरी बंध उरतो, त्याभोवती रेणूची साखळी फिरू शकते आणि रेणू एका कार्बनने धातूला धरून राहतो. दुसरा अणू मिळाला तर रेणू संपृक्त होऊन, म्हणजे तो दुहेरी बंध कायमचा संपून, सुटतो. तो मिळाला नाही, तर हा अर्धवट रेणू एक हायड्रोजन धातूला परत देतो आणि दुहेरी बंध पुन्हा तयार होतो. मात्र मधल्या काळात साखळी फिरलेली असल्यास सिस रचनेचा (साखळीचे दोन्ही भाग एकाच बाजूला असलेला) बंध ट्रान्स (भाग विरुद्ध बाजूंना असलेला) होऊन बाहेर पडतो. तापमान जास्त आणि हायड्रोजनचा दाब कमी असेल, तर ही परतफेड वारंवार होते.

सगळे काही पृष्ठभागावरच घडत असल्याने कण लहान करण्याला एवढे महत्त्व आहे. एक घन सेंटिमीटर धातूचे १० नॅनोमीटर बाजूचे घन केले, तर ६ चौरस सेंटिमीटर पृष्ठभागाचे ६०० चौरस मीटर होतात. ५५ अणूंच्या सुबक कणात ४२ अणू पृष्ठभागावरच असतात. असे कण उष्णतेने एकमेकांत मिसळून मोठे होतात, म्हणून त्यांना सिलिका, ॲल्युमिना किंवा कार्बनच्या आधारावर विखरून बसवावे लागते. एखाद्या आयुर्वेदिक भस्मात नॅनो आकाराचे कण सापडले म्हणून त्याला प्राचीन नॅनोतंत्रज्ञान म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे: नुसते बारीक असणे पुरेसे नाही, आकार, आधार आणि पृष्ठभागावरील घडामोडी यांवर नियंत्रण हवे.

कधी कधी तर पृष्ठभाग मुद्दाम मंद करावा लागतो. रसायनशास्त्रज्ञ लिंडलार यांच्या उत्प्रेरकात पॅलेडियमला शिशाने थोडे निष्प्रभ केलेले असते, त्यामुळे तिहेरी बंधाचे हायड्रोजनीकरण दुहेरी बंधावर थांबते आणि तो मुख्यतः सिस मिळतो.

भारतात जानेवारी २०२२ पासून खाद्यतेले व मेदांमधील औद्योगिक ट्रान्स मेदाची मर्यादा २ टक्के आहे. ती पाळण्याचा एक मार्ग म्हणजे तेलाचे हायड्रोजनीकरण अर्धवट न सोडता पूर्ण करणे: दुहेरी बंधच उरला नाही, तर ट्रान्स होण्यासारखे काही उरत नाही. मिळणारा मेद फार कडक असतो, म्हणून त्यात द्रव तेल मिसळून हवा तो मऊपणा आणतात.